आठ जागी फरक

३ मार्च, सोमवार

कंपनीच्या फॉर्ममध्ये कामाची नोंद रोज करावी लागते. आज त्यात मी "काम हाती घेतलं" एवढंच लिहिलं. खोटं नाही, पण त्या रकान्यात शिव्या मावत नाहीत. म्हणून ही वही.

सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आम्ही दवाखान्यांसाठी औषधाचे पंप बनवतो. पेशंटच्या नळीत तासाला किती औषध जायचं ते नर्सने बटणं दाबून सांगायचं आणि पंपाने तेवढंच सोडून थांबायचं. पंपाच्या पोटात छोटा संगणक असतो. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांनी यंदा हात वर केले. नवे पंप दुसऱ्या सिस्टिमवर चालणार, ऑफिसातली मशीनंही बदलणार. इथवर ठीक.

पण पंपाचे सगळे प्रोग्रॅम मुंगीत आहेत. मुंगी ही प्रोग्रॅम लिहायची भाषा, आमच्या कंपनीबाहेर कुणाला ठाऊक नाही. तिचं सगळं बिऱ्हाड, कंपायलरपासून लायब्ररीपर्यंत, नव्या सिस्टिमवर हलवायचं. मुदत सहा आठवडे.

"मीच का?" मी विचारलं.

"तुमच्या घरचीच भाषा आहे ना ती," साहेब म्हणाले आणि हसले.

मुंगी माझ्या थोरल्या भावाने बनवली. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या चुकीमुळे एक पंप थांबायच्या वेळी थांबला नाही. एका शिक्षिकेला दुपटीहून जास्त औषध गेलं. त्या वाचल्या, पण त्यांचं ऐकू येणं कायमचं गेलं. दादाने सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि नोकरी सोडून चालता झाला. मी तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होते. परत आले तर मला नावच उरलं नव्हतं, मी "त्याची बहीण" झाले होते. अजून आहे.

त्याचं उष्टं काढायला आता मलाच बसवलंय.

५ मार्च, बुधवार

गोम अशी आहे. कंपायलर म्हणजे मुंगीत लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. आणि मुंगीचा कंपायलर खुद्द मुंगीतच लिहिलेला आहे. म्हणजे मुंगी बनवायला आधी मुंगी हवी, आणि नव्या मशीनवर ती नाही. तेव्हा जुन्या मशीनवर बसून नव्या मशीनसाठी बनवायची.

पायऱ्या तीन. पहिली: जुन्या मशीनवर असा कंपायलर करायचा, जो बसतो इथे पण बोलतो तिकडचं. दुसरी: त्याच्याकडून कंपायलरचाच कोड उतरवून घ्यायचा, म्हणजे जो हातात येतो तो नव्या मशीनवर चालतो. तिसरी: नव्या मशीनवर त्याला स्वतःलाच पुन्हा उतरवायला लावायचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या फायली तंतोतंत सारख्या निघाल्या, की बिऱ्हाड हललं. एका बाइटचा फरक निघाला, तर समजायचं की कंपायलर कुठे बसलाय त्यावर त्याचं उत्तर बदलतं. औषधाच्या पंपात असा कंपायलर कोण ठेवेल?

दिवसभर दादाचा कोड वाचला. चाळीस हजार ओळी, आणि "हे असं का केलं" याची एक टीप नाही. मोठ्यांनी करायचं, लहानांनी कारण विचारायचं नाही. घरात असा, कोडमध्येही असाच.

८ मार्च, शनिवार

सुट्टी असून कोड घरी घेऊन बसले. लेक परीक्षेचा अभ्यास करतेय, तिचे बाबा बोटीवर इंजिनिअर, ते जूनशिवाय उगवत नाहीत. आई माझ्याकडेच असते. ती शेंगा सोलत माझं करवादणं ऐकत होती.

"फोन कर की दादाला. पाच मिनिटांत सांगेल."

"त्याने केलेलं मी निस्तरतेय आई. त्याला कशाला फोन करू? शाबासकी द्यायला?"

तिचा हात थांबला. "सगळं त्यानेच केलं, हे कशावरून?"

"त्यानेच सांगितलं ना. चौकशीत, सगळ्यांसमोर."

"हो. सांगितलं खरं त्याने," ती म्हणाली, उठली आणि नळ सोडून भांडी घासायला लागली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

थोरल्याला कुणी काही बोललेलं तिला खपत नाही. मला सवय आहे.

१२ मार्च, बुधवार

पहिली पायरी झाली. नऊ दिवस. दादाने जिथे तिथे जुनी सिस्टिम गृहीत धरलीय, जशी काही ती जगाच्या अंतापर्यंत राहणार होती. फाइल उघडायची पद्धत वेगळी, मेमरी मागायची वेगळी, घड्याळ वाचायचं वेगळं. एकेक सोडवत गेले आणि प्रत्येकाला त्याच्या नावाने ओवी गायली.

तपासणी विभागातला चिमटा येऊन बघून गेला. वय अठ्ठावन्न, माणूस काडीसारखा, चुका नेमक्या उचलतो म्हणून चिमटा. दादाच्या वेळेपासून आहे.

"एकट्याच करताय ताई? त्यांना नाही विचारलं?"

"कुणाला?"

तो चष्मा पुसत राहिला. "नाही, म्हटलं, आकडे वाचणारा जो भाग आहे ना, तो जरा जपून बघा."

"का?"

"वय झालं माझं, उगाच बोलतो," म्हणाला आणि गेला. या ऑफिसात सरळ बोलणाऱ्याला दंड होतो बहुतेक.

१७ मार्च, सोमवार

दुसरी पायरी. नव्या मशीनवर मुंगीचा कंपायलर सुरू झाला. मी त्याला दोन ओळींचा प्रोग्रॅम दिला, त्याने मुकाट्याने उतरवला, तो चालला. खुर्चीत मागे टेकले आणि शेजारच्या टेबलावरची अख्खी बिस्किटं संपवली. कुणाची होती माहीत नाही.

१८ मार्च, मंगळवार

तिसरी पायरी. आठ जागी फरक.

साडेचार लाख बाइटांत फक्त आठ जागा, आणि प्रत्येक ठिकाणी शेवटचा एकच बिट, एक ठिपका, इकडचा तिकडे. मोठा घोळ असता तर बरं होतं, तो दिसतो तरी. हे म्हणजे भिंतीत कुठेतरी टिकटिक.

परत केलं. आठच. पुन्हा केलं. तेच आठ.

१९ मार्च, बुधवार

साहेबांना सांगितलं. त्यांनी कागद हातात धरून विचारलं, "टक्क्यांत किती होतात हे?"

"टक्क्यांचा प्रश्न नाही सर. फरक असायलाच नको."

"तुलना करणारा प्रोग्रॅम तुमचाच ना? मग त्याला शेवटचा ठिपका सोडून द्यायला सांगा. दोन्ही सारख्या येतील."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "ताप असलेल्या माणसाचा थर्मामीटर बदलायचा का सर?"

"तुमच्या घराण्याने या कंपनीला पुरेसा ताप दिलाय," ते शांतपणे म्हणाले. "सोमवारपर्यंत काय ते बघा. नाहीतर मी सांगितलं तसं होईल."

मी दार न आपटता बाहेर आले. त्याचं श्रेय कुणी देणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

२१ मार्च, शुक्रवार

सापडलं कुठे ते. आठही जागी दशांशातले आकडे आहेत. शून्य पॉइंट एकोणतीस हा आकडा जुन्या मशीनवर उतरवला की बरोबर येतो, नव्यावर केसभर कमी. म्हणजे आकडे वाचणाऱ्या भागातच खोट. हाच भाग कंपायलर वापरतो आणि हाच पंपातही असतो. नर्सने दाबलेला आकडा तोच वाचतो. अकरा वर्षांपूर्वीही इथेच घोडं अडलं होतं. पंप उरलेल्या औषधातून थोडं थोडं वजा करत शून्याची वाट बघतो. आकडा केसभर चुकला, तर शून्य नेमकं येतच नाही, तो शून्याच्या खाली उतरतो आणि पंप चालूच राहतो.

या भागाबद्दल माझ्या मनात जुनी अढी आहे. तो आधी मी लिहिला होता. माझं पहिलं स्वतंत्र काम, पोट सांभाळत केलेलं. रजेवरून आले तर फाइलीच्या माथ्यावर दादाची आद्याक्षरं, आणि फाइलीचा इतिहास मी रजेवर गेल्यानंतरच सुरू. माझं काढून त्याने स्वतःचं बसवलं आणि तेच चुकलं. माझं ठेवलं असतं तर त्या बाईंचे कान शाबूत असते, असं मी अकरा वर्षं मनात म्हणत आले. रागाने ती फाइल कधी उघडलीसुद्धा नाही.

आज उघडली. चिडूनच वाचायला बसले, पण खरं सांगायचं तर वाचायला सरळ आहे, त्याच्या इतर फायलींसारखी किचकट नाही. भागून उरलेल्या आकड्याला "शिल्लक" असं नाव दिलंय. बाकी सगळीकडे तो "बाकी" लिहितो. शिल्लक हा माझा शब्द. उचलला असेल माझ्याकडून. भावंडं.

२४ मार्च, सोमवार

फाइलीच्या मध्यावर एक ठिगळ आहे. चारच ओळी: सिस्टिमची आवृत्ती चार असेल, तर शेवटचा अंक अशा अशा रीतीने गोल कर. नसेल तर काय? नसेल तर काहीच नाही. ऑफिसातल्या जुन्या मशीनवर अजून चारच आहे, पण नव्या मशीनवर आवृत्ती चार कुठून असणार? ठिगळ बाजूला राहतं आणि खालचं भोक उघडं पडतं.

म्हणजे त्याने चूक सुधारलीच नाही, वर चादर टाकली. मी चिमट्याच्या टेबलाशी जाऊन तोंडाला येईल ते बोलले. याला इंजिनिअर कुणी केलं, याला बारा लोकांचा प्रमुख कुणी केलं.

चिमट्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्या फाइलीची आधीची प्रत माझ्या कपाटात आहे. मागितलीत तर देईन."

"अकरा वर्षं का नाही दिलीत?"

"कुणी मागितली नाही. आणि मला देऊ नका म्हणून सांगितलं होतं."

"कुणी?"

"ज्यांना आत्ता तुम्ही शिव्या घातल्यात, त्यांनी."

डिस्क दिली. ती वाचणारं मशीन उद्या मिळेल.

२५ मार्च, मंगळवार

माथ्यावर माझी आद्याक्षरं. तारीख माझ्या रजेच्या चार दिवस आधीची. बाकी ओळ न ओळ तीच, शिल्लकसकट. फक्त ते चार ओळींचं ठिगळ नाही.

त्याने माझं काही काढलं नव्हतं. नाव तेवढं बदललं.

चूक माझी आहे. हे वाक्य तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. चौथ्यांदा ठेवतेय.

२६ मार्च, बुधवार

ऑफिसला गेले नाही. लेक शाळेत गेल्यावर आईसमोर बसले.

"तुला माहीत होतं."

आईने काय म्हणून विचारलं नाही. म्हणजे माहीत होतं.

"तुझा रक्तदाब वाढलेला," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी उठायचंसुद्धा नाही म्हणून बजावलेलं. दादा माझ्याकडे आला, म्हणाला, आई, हे तिला कळता कामा नये. मी काय करणार होते?"

"तेव्हाचं सोड. लेक अकरा वर्षांची झाली आई. अकरा वर्षं मी तुझ्यासमोर त्याला नको नको ते बोलले. त्याच्या घरी पाऊल टाकलं नाही. वहिनीच्या ऑपरेशनला गेले नाही. एकदाही तुला वाटलं नाही?"

"रोज वाटलं."

"मग?"

"मग रोज उशीर झाला," आई म्हणाली.

मला तिचं तोंड बघवेना. आणि ती रडेल म्हणून भीती वाटली, कारण ती रडली असती तर मला रागावता आलं नसतं. ती रडली नाही. त्याचाही राग आला.

२७ मार्च, गुरुवार

दादा एका छापखान्यात मशीनवर असतो. मी तिथे कधी गेले नव्हते. लांबट शेड, शाईचा आणि गरम कागदाचा वास, आणि मशीनचा असा आवाज की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. दाढी पांढरी झालीय. दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. मला बघून त्याने आधी विचारलं, "आई बरी आहे ना?"

मी डिस्क त्याच्यापुढे धरली. त्याने ती ओळखली. बोटाची शाई लागेल म्हणून हात मागे घेतला.

"तुला कुणी सांगितलं होतं हे करायला?" मी ओरडले. मशीनमुळे ओरडावंच लागत होतं, सोय झाली.

"ठमे, तू तेव्हा झोपून होतीस—"

"मला तेव्हाचं ऐकायचं नाही. ठमेही म्हणू नकोस."

"कंपायलर माझा होता. तुझी फाइल मी तपासली होती, दहा मिनिटांत, चहा पिता पिता. पास म्हणून सही माझी होती. चूक माझीच म्हटली ती काही दानधर्म म्हणून नाही."

"लिहिली मी होती."

"तू दोन वर्षांची शिकाऊ."

"म्हणजे मला चूकही करता येत नव्हती?"

मला तेव्हा कळलं की मला नक्की कशाचा राग आलाय. हा माणूस मला माझी चूकसुद्धा देत नाही. लहानपणी पाटी घेऊन माझी गणितं सोडवून द्यायचा, तसं.

"आणि ते ठिगळ," मी म्हटलं. "नीट दुरुस्त का नाही केलंस?"

"तीन दिवस होते हातात. मुळापासून बदललं असतं तर का बदललं ते लिहावं लागलं असतं. जुनी फाइल मागवली असती त्यांनी."

"एक टीप तरी लिहायचीस. एक ओळ."

"एका ओळीतही तुझं नाव आलं असतं." मग त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "त्यानंतर पाच आली का? आवृत्ती?"

"आली की. सहा वर्षांपूर्वी."

"पंपांत नाही ना घातली?"

मी हातातल्या डिस्ककडे बघितलं. घातली होती. सगळ्यांत नाही, काहींत. जे पंप दुरुस्तीला आले, त्यांत. ते ठिगळ फक्त चारला ओळखतं.

दादाने मशीन बंद केलं. अख्खी शेड एकदम शांत झाली आणि चार कामगार आमच्याकडे बघायला लागले.

"किती?" त्याने विचारलं. आता ओरडायची गरज नव्हती. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

२८ मार्च, शुक्रवार

त्रेसष्ट. चिमट्याने सकाळी दुरुस्तीची वही चाळून काढले. त्रेसष्ट पंप, सतरा दवाखाने. नर्सने शून्य पॉइंट एकोणतीससारखा नेमका न बसणारा आकडा दाबला, तर थांबणार नाहीत.

साहेबांच्या केबिनमध्ये मी, चिमटा आणि ते.

"नवे पंप जूनपासून जातीलच," साहेब म्हणाले. "जुने आपोआप परत येतील. उगाच बोंब कशाला?"

"जूनपर्यंत?"

"सहा वर्षांत काही झालं का?"

"आपल्याला कळवलं नाही कुणी. झालं नाही असं नाही म्हणता येत."

"बाई, चूक कुणाची ते बाहेर आलं तर तुमचंच नाव येणार आहे. मला तुमची काळजी वाटते."

आयुष्यात पहिल्यांदा मला दादाचा आणि या माणसाचा एकाच वेळी राग आला, एकाच कारणासाठी. दोघांनाही माझी काळजी.

"सर, माझ्या काळजीपायी एका बाईंचं ऐकू येणं गेलं ते तुम्ही विसरलात," मी म्हटलं. खरं तर हे वाक्य चुकीचं आहे. त्यांचं ऐकू येणं कुणाच्या काळजीपायी गेलं नाही, माझ्या चुकीने गेलं. पण तोंडातून असं निघालं.

साहेबांनी सूचनेवर सही करायला नकार दिला. तेव्हा चिमट्याने खिशातलं पेन काढलं. पंप वापरणं थांबवा असं दवाखान्यांना कळवायला तपासणी विभागाची सही चालते, हा नियम मी विसरले होते. त्याने सही केली, खाली तारीख घातली आणि म्हणाला, "ही अकरा वर्षांपूर्वी करायला हवी होती मी."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी सतरा फोन केले.

३१ मार्च, सोमवार

त्रेसष्टपैकी साठ पंप बंद झाल्याचं कळलं. उरलेल्या तीन पंपांचा पत्ता चिमटा लावतोय.

एका दवाखान्यातल्या मोठ्या नर्सबाईंचा फोन मीच घेतला. त्या म्हणाल्या, "अहो, त्या नंबरचा पंप ना? त्याला आम्ही हट्टी म्हणतो. कधी कधी थांबतच नाही. तो लावला की आमच्यातली एकजण उशाशी उभी राहते, वेळ झाली की हाताने बंद करते."

"तुम्ही कधी कळवलं नाहीत?"

"दोनदा कळवलं. तुमच्याकडून पत्र आलं, बटण नीट दाबत जा म्हणून."

मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला? तुम्ही तर फोन केलात." सहा वर्षं माझ्या चुकीच्या उशाशी कोणीतरी उभं होतं.

३ एप्रिल, गुरुवार

आकडे वाचणारा भाग मुळापासून नवा लिहिला. शनिवार-रविवारचे दोन दिवस लागले. ठिगळ काढून टाकलं. यात कुठेही सिस्टिमचं नाव नाही, आवृत्ती नाही. दशांशाचा आकडा आधी पूर्णांकात मोजते आणि अगदी शेवटी एकदाच भागते. चिमट्याला दहा मिनिटांत नाही, दीड दिवस तपासायला लावलं. त्याने तीन प्रश्न विचारले, तिसरा खरा होता, तो सुधारला.

मग तिन्ही पायऱ्या पहिल्यापासून. दुसरी आणि तिसरी फाइल समोरासमोर ठेवली. फरक शून्य.

वाटलं होतं आनंद होईल. फक्त दमल्यासारखं झालं.

बदलाच्या फॉर्मवर "कारण" असा रकाना असतो. साहेबांनी आधीच टंकून पाठवलं होतं: नव्या सिस्टिमसाठी सुधारणा. मी ते पुसलं. लिहिलं की मूळ चूक मी केली, अमुक तारखेला. ती माझ्या भावाने नीट न तपासता पास केली. पंपाचा अपघात याच चुकीने झाला. भावाने ती दुरुस्त न करता झाकली आणि माझं नाव काढलं, म्हणून ती आणखी सहा वर्षं त्रेसष्ट पंपांत राहिली. खाली सही, माझं पूर्ण नाव.

तासाभरात साहेबांनी बोलावलं. चौकशी होणार. तोवर सोमवारपासून घरी बसायचं. मुंगीचं काम दुसरं कुणी पुढे नेईल.

"कोण नेईल?" मी विचारलं.

त्यांना माहीत नव्हतं.

६ एप्रिल, रविवार

सकाळी अकराला दादा आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा या घरात. चिमट्याने त्याला माझ्या फॉर्मची प्रत पाठवली होती. त्याच्या नावाचा उल्लेख आहे म्हणून त्याला कळवणं भाग होतं. चप्पल काढायच्या आधीच तो कागद पुढे करून म्हणाला, "हे काय लिहिलंयस?"

"झालं ते."

"झाकली? मी झाकली?"

"मग काय केलंस?"

"माझी नोकरी गेली त्यात. माझं नाव गेलं. आणि तू लिहितेस झाकली."

"हो. आणि नीट न तपासता पास केली, तेही लिहिलंय. ते वाचलंस ना?"

आईने खिडकी लावून घेतली. लेक दाराआडून बघत होती, तिला मामा म्हणजे फक्त फोटोतला माहीत. आम्ही दोन तास भांडलो. वहिनीच्या ऑपरेशनला मी आले नाही, तेही निघालं. बाबा गेले तेव्हा त्याने मला कशालाच हात लावू दिला नाही, स्वतःच धावत होता, तेही निघालं. माझी गणितं निघाली. मला चौथीत शून्य मार्क पडू दिले असतेस तर बरं झालं असतं, असं मी म्हटलं, आणि तो म्हणाला, तू रडायचीस म्हणून. मी म्हटलं, रडू द्यायचं. तो टेबलावर हात आपटून म्हणाला, "मला नाही बघवत तू रडलेली, काय करू?" आणि मग तोच रडला. मला काय करावं कळेना, मी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि रागावणं चालू ठेवलं. मध्येच थांबले असते तर त्याला वाटलं असतं, झालं, मिटलं.

जेवताना त्या शिक्षिकाबाईंचा विषय निघाला. चौकशीनंतर दादा त्यांच्याकडे गेला होता. ऐकू येत नसल्यामुळे त्याने पाटीवर लिहून दिलं होतं, चूक माझी. त्यांनी वाचलं, मान हलवली आणि त्याला चहा दिला.

"त्यांना खोटं सांगितलंस," मी म्हटलं.

तो जेवायचा थांबला.

उद्या दोघं त्यांच्याकडे जाणार. काय लिहून द्यायचं यावरून हात धुताना पुन्हा जुंपली. त्याचं म्हणणं, दोघांचं मिळून एक पत्र करू, तो लिहील, त्याचं अक्षर चांगलं. मी म्हटलं, नाही. शेवटी दोन कागद ठरले.

तो चार वाजता गेला. त्यानंतर मी माझा कागद लिहिला. तीन ओळींचा आहे, तिन्ही "मी"ने सुरू होतात. दादाला दाखवला नाही. तो सुधारून देईल.